पाऊस आला की टीव्ही जायचा, आता पाऊस नसतानाही जातो – फ्री डिशचं नेमकं काय बिघडलं?

निंबाखाली | २६ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घरी डीडी फ्री डिश आहे. छत्री सात वर्षांपूर्वी बसवली, गोठ्याच्या भिंतीला, जमिनीपासून आठेक फुटांवर. इतकी वर्षं तिच्याकडे कधी बघावंही लागलं नाही.

या ऑगस्टपासून त्रास सुरू झाला. चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, बातम्या देणारी बाई अर्ध्या शब्दावर थिजते आणि मग निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'. आधी फक्त जोराच्या पावसात व्हायचं. मग रिमझिमीतही व्हायला लागलं. आता आभाळ कोरडं असलं आणि नुसता वारा सुटला तरी जातं. पाऊस थांबून तास झाला तरी येत नाही, आणि रात्री उशिरा कधीतरी आपोआप येतं.

डिशवाल्याला बोलावलं होतं. त्याने एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडून केबलीत सोडणारा भाग) बदलली, ३५० रुपये घेतले. चार दिवस चांगलं चाललं, परत तेच. दुसऱ्यांदा फोन केला तर म्हणतो, छत्री-बॉक्स सगळं जुनं झालं, नवीन सेट घ्या, १,८०० लागतील. तेवढे घालूनही फरक पडला नाही तर?

घरी सासूबाई, मी आणि आठवीतली लेक. हे कामासाठी हिंगणघाटला असतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, ओट्याच्या पलीकडे जाणं होत नाही. सातच्या बातम्या आणि हवामान हे त्यांचं दिवसातलं ठरलेलं. पडदा निळा झाला की त्या काही बोलत नाहीत, नुसत्या समोर बसून राहतात. ते मला बघवत नाही. मोबाइलवर लावून देते, पण त्यांना तेवढ्याशा पडद्यावर दिसत नाही आणि गावात रेंजचाही भरवसा नाही.

मला शिडीवर चढता येतं, पाना-पक्कड घरात आहे. सुरुवात कुठून करू ते सांगा.

---

कास्तकार | २६ सप्टेंबर, रात्री १०.१५

ताई, पयले छत्री हालते का ते हात लावून पाहा. आमच्याकडं वांदरायचा लय तरास हाय. सकाऊन टोळी येते, टिनावर धडाधड उड्या मारते, अन् एखादं तं छत्रीच्या दांडीलेच लोंबकयते. मांगच्या साली माही छत्री अशीच बोटभर फिरली होती, मी आठ दिवस बॉक्सलेच दोष देत राह्यलो. मंग दांडीले बोराटीचे काटे बांधले, तवापासून वांदरं तिकडं जात नाहीत.

---

डिशमिस्त्री_वणी | २७ सप्टेंबर, सकाळी ७.०५

ताई, मी वीस वर्षं हेच काम करतो. शिडीवर चढण्याआधी बॉक्सला विचारा. रिमोटवर मेनू दाबा, इन्स्टॉलेशन किंवा सॅटेलाइट सर्च असं काहीतरी येईल, त्यात दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. दोन्हींचे आकडे लिहून पाठवा. एकदा सकाळी शांत असताना, एकदा वारा असताना.

त्याच पानावर सेटिंग पाहून ठेवा. उपग्रह जीसॅट-१५, एलएनबी ९७५०/१०६००, ट्रान्सपाँडर ११०९०, पोलारिटी व्ही, सिम्बॉल रेट २९५००. लहान मुलांच्या हातून हे बदललेलं मी कितीतरी घरी पाहिलं आहे.

आमच्यातल्या कुणी पाहणी न करता एलएनबी बदलली असेल तर ते चूकच झालं. पण चार दिवस चाललं कशामुळे, तेही सांगतो. एलएनबी बदलताना कनेक्टर काढून पुन्हा घट्ट आवळावा लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यानेच चालू होतं आणि नाव एलएनबीचं होतं. तुमचा कनेक्टर उघडून बघावा लागणार, असं मला आत्ताच वाटतंय.

---

निंबाखाली | २७ सप्टेंबर, दुपारी २.३०

सेटिंग तुम्ही लिहिलंत तसंच आहे. सकाळी सात वाजता स्ट्रेंग्थ ८६, क्वालिटी ४६. आत्ता वारा आहे, तर स्ट्रेंग्थ ८६ आणि क्वालिटी १२, ३५, ०, २८ अशी उड्या मारते आहे. स्ट्रेंग्थ जागची हलत नाही. छत्री हाताने हलवून पाहिली, दांडी घट्ट आहे.

स्ट्रेंग्थ एवढी चांगली असताना चित्र का जातं?

---

तांत्रिक_काका | २७ सप्टेंबर, रात्री ८.२०

इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरी दूरदर्शनच्या एका लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रावर गेली.

स्ट्रेंग्थचा आकडा सांगतो, बॉक्सपर्यंत काहीतरी पोचतंय. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो. छत्री चुकीच्या दिशेला फिरवलीत, अगदी तिच्यासमोर पत्रा धरलात, तरी स्ट्रेंग्थ ८० दाखवणारे बॉक्स आहेत. तो आकडा चांगला आहे म्हणजे केबल तुटलेली नाही आणि एलएनबीला वीज मिळते आहे, एवढंच समजायचं. एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट बॉक्सच त्याच केबलीतून वर पाठवतो.

क्वालिटी म्हणजे उपग्रहाचा सिग्नल किती स्वच्छ वाचता येतो आहे. बघायची ती हीच. तुमची ४६ म्हणजे काठावरची आहे. बॉक्सागणिक आकडे वेगळे असतात, पण शांत हवेत यापेक्षा बरीच वर हवी.

जुन्या अँटेन्यावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी चेहरा ओळखू यायचा. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. एका मर्यादेपर्यंत चित्र आरशासारखं स्वच्छ, आणि मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन, मग काहीच नाही. त्यामुळे सिग्नल वर्षानुवर्षं थोडा थोडा खाली येत असला तरी घरातल्यांना कळत नाही. तुम्हाला ऑगस्टमध्ये कळलं, झीज मात्र आधीपासून चालू असणार. फ्री डिश केयू बँडवर, म्हणजे फार आखूड लहरींवर येतं, या लहरी पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. म्हणून मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं कुणाचंही जाऊ शकतं, त्याला इलाज नाही. रिमझिमीत जात असेल तर मात्र पावसासाठी राखीव ठेवलेली शिल्लक आधीच कुणीतरी खाल्ली आहे. कोण खातंय ते शोधायचं.

---

आर्णीकर | २७ सप्टेंबर, रात्री ९.१०

काका, या निमित्ताने विचारतो. घरावर अजून जुना ॲल्युमिनियमचा काड्यांचा अँटेना आहे. त्याला सेटटॉप बॉक्स जोडला तर डीडी दिसेल का? छत्रीचा खर्चच वाचेल.

---

तांत्रिक_काका | २७ सप्टेंबर, रात्री ९.४५

आर्णीकर, नाही दिसणार. त्या अँटेन्याला ज्या लहान केंद्रावरून सिग्नल यायचा, जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर पोचणारा, ती केंद्रं प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२२ पर्यंत जवळपास सगळी गेली. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण काही मोजक्या मोठ्या शहरांतच आहे. शिवाय छत्रीच्या बॉक्समधला ट्यूनर उपग्रहाचा असतो, त्याला काड्यांचा अँटेना जोडून उपयोग नाही. आमचं केंद्र बंद झालं त्या दिवशी शेवटचं बटण दाबायला मी मुद्दाम गेलो होतो. गावाकडे आता फुकट टीव्हीचा रस्ता छत्रीतूनच आहे. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, तीच आजची फ्री डिश.

---

डिशमिस्त्री_वणी | २८ सप्टेंबर, सकाळी ६.५०

ताई, आता कामाला लागा. आधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करून चालणार नाही. केबलीत वीज असताना कनेक्टर उघडला आणि मधली तार बाहेरच्या जाळीला लागली तर बॉक्स जाऊ शकतो. कधी कधी छत्रीला हात लावल्यावर झिणझिण्याही येतात. पायात चप्पल असू द्या. टिनावर पाय देऊ नका, शिडीवरूनच काम करा.

एलएनबीकडचा कनेक्टर हाताने सोडवा. आत हिरवं किंवा काळं दिसलं तर पाणी गेलं समजा. केबलीला तिथून वीतभर कापत या, आतली जाळी पांढरी चकचकीत दिसेपर्यंत. काळी निघाली तर अजून कापा. मग नवा कनेक्टर. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर असावी, जाळीचा एकही केस तिला लागता कामा नये. वर रबरी टोपी, नाहीतर सेल्फ-चिकटणारी रबर टेप. साधी काळी टेप लावू नका, उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यात ती उघडते.

केबल एलएनबीपासून थेट खाली आणू नका. आधी खाली झोळ द्या, मग वर घरात घ्या. पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, आत शिरत नाही.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी फुटली आहे का आणि दांडीच्या पोकळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं आहे का, हेही पाहा. आपल्याकडे हे फार.

---

निंबाखाली | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१५

काल दुपारी उघडला. दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. कनेक्टर फिरवला तर त्याच्यातून पाण्याचा थेंब बोटावर आला. आत सगळं हिरवं. केबल वीतभर कापली, आत काळी. अजून वीतभर, तरी काळी. हातभर कापल्यावर जाळी पांढरी दिसली. डिशवाल्याने नवी एलएनबी त्याच कुजलेल्या टोकावर बसवून दिली होती. मधे भिंतीजवळ आणखी एक जोड सापडला, दोन तारा पिळून वर टेप गुंडाळलेली. तो मला सात वर्षांत माहीतच नव्हता.

दारव्ह्याहून दोन कनेक्टर आणि टेप आणली, जोड काढून टाकला, झोळ दिला. टीव्हीवर बॉक्सच्या डोक्यावर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल असतो, तोही त्यांना विचारून बाजूला घडी करून ठेवला. बॉक्स हाताला चांगलाच गरम लागत होता.

आता शांत हवेत क्वालिटी ५४. रात्री रिमझिम होती, चित्र टिकलं. फार बरं वाटलं. पण आज दुपारी वारा सुटला आणि परत २०-४०-० सुरू. म्हणजे अजून काहीतरी आहे.

---

कास्तकार | २९ सप्टेंबर, रात्री ७.३०

मंग तं काहीतरी हालून राह्यलं ताई. छत्री नाही हालत तं समोरचं हालत असन.

---

वर्धेकर_मास्तर | २९ सप्टेंबर, रात्री ९.३०

कास्तकार भाऊंनी नेमकं सांगितलं. ताई, तुमचं नाव 'निंबाखाली' आहे. तो निंब छत्रीच्या कुठल्या बाजूला आहे?

---

निंबाखाली | २९ सप्टेंबर, रात्री ९.५५

सर, निंब आहे, पण छत्रीच्या समोर नाही. छत्रीचं तोंड जिकडे आहे तिकडे सरळ पाहिलं तर झाडाच्या बुंध्याशेजारून मोकळं दिसतं, आणि फांद्या तर कितीतरी वर आहेत. छत्री लावली तेव्हाही झाड तिथेच होतं. म्हणून त्याचा विचारच केला नाही.

---

वर्धेकर_मास्तर | ३० सप्टेंबर, सकाळी ६.३०

छत्री जिकडे पाहते असं वाटतं, तिकडे ती पाहत नसते. मी भूगोल शिकवतो, आणि ही गोष्ट मुलांना शाळेच्या छतावर नेऊन दाखवतो, इतकी ती डोळ्यांना खोटी वाटते.

जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यातून तो आग्नेयेला, किंचित दक्षिणेकडे झुकून दिसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १४२-१४३ अंश. आणि क्षितिजापासून त्याची उंची जवळपास ६० अंश. म्हणजे आभाळात चांगलाच वर, डोक्याच्या मध्यापासून फक्त ३० अंश खाली.

आपल्या छत्र्या 'ऑफसेट' प्रकारच्या असतात, एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला येते. अशी छत्री ६० अंशांवरून येणारा सिग्नल पकडत असताना तिचं तोंड मात्र ३५ अंशांच्या आसपासच वर केलेलं दिसतं. तुम्ही तोंडाच्या सरळ रेषेत पाहिलंत, तिथे मोकळं होतं. खरी वाट त्याच्या २५ अंश वरून जाते, म्हणजे तुम्ही 'कितीतरी वर' म्हणालात त्या फांद्यांमधून.

झाडापर्यंतचं अंतर एक फूट असेल तर वाट पावणेदोन फूट वर चढलेली असते. छत्री ते झाड अंतर मोजा, पावणेदोनने गुणा, छत्रीची उंची मिळवा. शेंडा त्याहून वर असेल तर झाड आड येतंय. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, मधल्या भोकातून दोरा ओवून खाली नट बांधा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून आभाळाकडे बघायचं आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला ते दुसऱ्याने वाचायचं. आठवीच्या मुलीला हे आवडेल.

त्याहून सोपी एक गोष्ट आहे आणि तुमचं नशीब असं की ती परवाच आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. आपल्या अक्षांशावर तो दिवस ११-१२ मार्चच्या आणि २ ऑक्टोबरच्या आसपास येतो. परवा सकाळी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना छत्रीवर निंबाची सावली पडलेली दिसली, तर झाड आड येतंय. त्या क्षणी ऊन ज्या वाटेने येतं, त्याच वाटेने सिग्नल येतो. दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तरी झाडासाठी ही परीक्षा चालते.

त्या वेळी काही मिनिटं टीव्ही सगळ्यांचाच बिघडू शकतो, कारण सूर्याचा गोंगाट थेट एलएनबीत शिरतो. तेव्हा घाबरून काही फिरवू नका.

---

निंबाखाली | २ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

सर, आज सुट्टी म्हणून लेक घरी होती. पावणेअकरापासून आम्ही दोघी गोठ्यापाशी उभ्या. छत्री पांढरी आहे, त्यामुळे सावली अगदी स्पष्ट. दहा त्रेपन्नला छत्रीचा वरचा अर्धा भाग निंबाच्या पानांच्या सावलीत होता. उन्हाचे कवडसे त्यावर हलत होते, वाऱ्याची झुळूक आली की सगळी सावली छत्रीभर फिरायची. आत सासूबाईंना क्वालिटी वाचायला बसवलं होतं, त्या मोठ्याने आकडे सांगत होत्या: 'तेवीस… नऊ… एकतीस.' सावली हलली की आकडा हलायचा. मग चार-पाच मिनिटं त्या 'शून्य, शून्य' म्हणत राहिल्या, तो सूर्याचा असावा.

लेकीने अंतर मोजलं. पंधरा फूट. पावणेदोनने सव्वीस, छत्रीचे आठ, म्हणजे चौतीस फुटांच्या वर झाड नको. कोनमापकाने शेंडा चाळीस फुटांच्या जवळ निघाला. सात वर्षांपूर्वी हे झाड गोठ्याच्या टिनापेक्षा थोडंसंच उंच होतं. दरवर्षी ते थोडं थोडं वाटेत येत गेलं आणि पावसाळ्यात पानं भरली, ओली झाली की पडदाच व्हायचा.

आता प्रश्न वेगळाच आहे. झाड सासऱ्यांनी लावलेलं, ते गेल्याला पाच वर्षं झाली. उन्हाळ्यात सासूबाईंची बाज त्याच्याखालीच असते. मी नुसतं 'फांद्या' म्हटलं तर त्या म्हणाल्या, टीव्ही काढून टाक, झाडाले हात लावू नको. मलाही ते पटतं.

---

डिशमिस्त्री_वणी | २ ऑक्टोबर, दुपारी १.००

मग छत्री हलवायची. झाड छाटलं तरी दोन पावसाळ्यांत परत तिथेच येतं, मी शंभरदा पाहिलं आहे. स्लॅब असेल तर त्याच्या अशा कोपऱ्यावर लावा की आग्नेयेला मोकळं राहील. केबल नवी, आरजी-६, एकाच लांबीची, जोड न देता. एक माणूस सोबत घ्या.

आता बसवण्याचं नीट ऐका, कारण नव्वद टक्के छत्र्या इथे बिघडतात. दांडी ओळंब्यात हवी. गवंड्याचा ओळंबा आणा, नाहीतर दोऱ्याला नट बांधा, दोन बाजूंनी पाहा. दांडी तिरपी राहिली तर तुम्ही छत्री डावी-उजवी फिरवाल तशी ती वर-खालीही होईल, आणि दिवसभर हाती काही लागणार नाही. मग मागच्या पट्टीवर उंची ६० अंशांना लावा, बोल्ट अर्धवट आवळा आणि आग्नेयेला तोंड करून हळूहळू फिरवा. मोबाइलचं होकायंत्र चालेल, पण दांडीपासून आणि लोखंडी सळईपासून चार-पाच पावलं लांब उभं राहून बघा.

हळूहळू म्हणजे किती, तेही सांगतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा काठ पाच मिलिमीटर सरकला की दिशा एका अंशाने बदलते. दोन अंशांत उपग्रह हातचा जातो. म्हणून केसभर सरकवायचं, तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्स आकडा उशिरा दाखवतो, आणि मग परत केसभर. क्वालिटी आली की उंची थोडी वर-खाली करून सगळ्यात जास्त आकडा शोधा. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत जरा फिरवून पाहा, तिथेही पाच-दहा मिळतात.

आणि बोल्ट आवळण्याआधी एकदा स्कॅन करा. शेजारी ९५ अंश पूर्व रेखांशावर दुसरा उपग्रह आहे, त्याच्यावरही क्वालिटी मिळू शकते, पण तिथले चॅनल पैसे भरल्याशिवाय दिसत नाहीत. सह्याद्री दिसली की मग आवळा. आवळताना डोळा आकड्यावर ठेवा, बोल्टसोबत छत्री सरकते.

---

तांत्रिक_काका | २ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

मिस्त्रींनी सांगितलं त्यात भर घालण्यासारखं नाही, फक्त काळजीपोटी लिहितो. परतीच्या पावसाचे दिवस आहेत. ढग दिसले तर स्लॅबवर चढू नका, काम अर्धं राहिलं तरी उतरा. स्लॅबवरची छत्री ही घरातली सगळ्यात उंच लोखंडी वस्तू होते. वीज कडाडायला लागली की बॉक्सचा प्लग तर काढाच, केबलही बॉक्समागून सोडून बाजूला ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही.

---

आर्णीकर | ३ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

हा धागा वाचून काल मीही सावली पाहिली. आमची छत्री पूर्ण उन्हात आहे, क्वालिटीही ७०. तरी एप्रिलपासून दोन-तीन आवडते चॅनल नाहीत. तेही दिशेमुळे का?

---

डिशमिस्त्री_वणी | ३ ऑक्टोबर, सकाळी ९.००

नाही भाऊ. फ्री डिशवरच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्या १ एप्रिलपासून नव्याने दिल्या जातात. ज्या चॅनलने जागा घेतली नाही तो जातो, दुसरा येतो. छत्रीला हात लावू नका, फक्त नव्याने स्कॅन करा. काही चॅनल एमपीईजी-४ (चित्र आकुंचित करून पाठवायची नवी पद्धत) मध्ये आहेत, बॉक्स जुना एमपीईजी-२ चा असेल तर ते स्कॅन करूनही येणार नाहीत. एप्रिलमध्ये मला यासाठी दिवसाला दहा फोन येतात आणि दर घरी मी फोनवरच सांगतो, पैसे घेत नाही.

---

निंबाखाली | ५ ऑक्टोबर, रात्री ८.४५

आज बसवली. दीर पांढरकवड्याहून आले होते, त्यांनी भिंतीत बोल्ट ठोकून दिले, बाकी मी केलं. स्लॅबचा पूर्वेकडचा कोपरा. तिथून आग्नेयेला शेजाऱ्यांचं मोकळं आवार आणि पुढे कपाशीच आहे. केबल अठरा मीटर एकसंध. कनेक्टर, बोल्ट धरून साडेचारशे रुपये लागले. छत्री जुनीच, बॉक्स जुनाच, एलएनबी तीच.

ओळंब्याने पाहिलं तर दांडी एका बाजूला बोटभर कलली होती, खाली पत्र्याची पट्टी देऊन सरळ केली. नसतं पाहिलं तर खरंच दिवस गेला असता. मग लेक टीव्हीसमोर फोन घेऊन, मी वर. तासभर नुसतं 'शून्य'. हात भरून आले, मान दुखायला लागली. मग एकदम 'आई, सोळा!' आणि मी जागीच थांबले, श्वाससुद्धा जपून घेतला. केसभर… चौतीस. केसभर… अठ्ठावन्न. उंची जरा खाली… एकाहत्तर. एलएनबी फिरवल्यावर अठ्ठ्याहत्तर. बोल्ट आवळताना ती परत साठावर आली होती, दादांनी सांगितलं होतं म्हणून लक्ष होतं. शेवटी ७६ वर पक्की झाली.

संध्याकाळी वारा होता. आकडा ७५-७६, हललाच नाही. सासूबाईंनी पूर्ण बातम्या पाहिल्या.

---

कास्तकार | ५ ऑक्टोबर, रात्री ९.२०

लय मस्त ताई! आता दांडीले काटे बांधाले इसरू नका. स्लॅबवर वांदरं पयले जातात.

---

वर्धेकर_मास्तर | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तो कोनमापक जपून ठेवायला सांगा. मार्चमध्ये ११ तारखेला सव्वाअकराच्या सुमारास परत सावली बघायची, छत्री पूर्ण उन्हात हवी. निंबाची वाढ आता दुसऱ्या बाजूला आहे, पण शेजारच्या आवारात कुणी सुबाभूळ लावली तर ती चार-पाच वर्षांत तीस फूट जाते.

---

निंबाखाली | ९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

काल संध्याकाळी सातच्या बातम्यांत विजांसह पावसाचा इशारा सांगितला. सासूबाईंनी तो ऐकला आणि आतूनच हाक मारली. शेतात सोयाबीन कापून गंजी लावलेली होती, उघडीच. दीर, मी आणि शेजारचे भाऊ ताडपत्री घेऊन गेलो, कडेला दगड ठेवून आलो. रात्री अकराला पाऊस सुरू झाला, दीड तास ओतला. विजा होत्या म्हणून काकांनी सांगितल्याप्रमाणे केबल काढून ठेवली होती, त्यामुळे पावसातली क्वालिटी कळली नाही.

आज दुपारी परत आला, विजा नव्हत्या. जोर होता तेव्हा ४१ पर्यंत उतरली, पण चित्र एकदाही थांबलं नाही. पाऊस ओसरल्यावर पाच मिनिटांत ७४. बोराटीचे काटे उद्या बांधते.

जुनी जागा रिकामी झाली आहे, भिंतीवर छत्रीचा गोल पांढरा डाग राहिलाय. गल्लीतल्या आणखी दोन घरी पाऊस आला की टीव्ही जातो म्हणतात. त्यांच्या छत्र्यांच्या आग्नेयेला काय आहे ते रविवारी कोनमापक घेऊन बघणार आहोत. काही अडलं तर इथेच विचारते.